घेवड्याचे राखणदार

परसातल्या वेलींना अजून बोलता येत होतं, तेव्हाची गोष्ट. मांडवावर चढलेल्या घेवड्याच्या वेलीला आपल्या अंगावरच्या मुंग्यांचं भारी कौतुक. "दिवसभर माझ्या राखणीला असतात हो," ती सगळ्यांना सांगे. पण तिचे शेंडे आक्रसत चालले होते, कळ्या गळत होत्या, आणि कोवळ्या देठांवर काळ्या माव्याच्या बारीक किड्यांचा थर दाटला होता.

एका सकाळी एक करडी, काटेरी अळी वर चढली. मुंग्या तिच्यावर तुटून पडल्या.

"हाकला त्या अवलक्षणीला!" वेल ओरडली.

मांडव पेलणारी जुनी मेढ म्हणाली, "अगं बाई, ती काय खातेय ते तरी बघ."

वेलीनं वाकून पाहिलं. अळी मावा फस्त करत होती. आणि मुंग्या? त्या माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस चाटत होत्या. माव्यानं भरलेलं एक पान मुडपून वेलीनं अळीला आत दडवलं.

हळूहळू देठ मोकळे झाले. नवा शेंडा सरळ वर निघाला, तेव्हा वेलीला हायसं वाटलं.

मुंग्या रुसून म्हणाल्या, "आम्ही एवढी राखण केली, ती फुकटच?"

"राखण केलीत खरी," वेल म्हणाली, "पण माझी नव्हे."