पाठ न दाखवणारी दमणी

बेलखेडच्या जहागीरदारांनी तुळसाबाई सुतारणीकडून स्वतःच्या पसंतीची नवी दमणी बनवून घेतली. नवरा गेल्यावर तुळसाबाईंनी एकटीने केलेली ही पहिलीच बैलगाडी. ती नापसंत झाली, तर गावचं सुतारकाम दुसऱ्याकडे जाणार होतं.

जहागीरदार गादीवर बसले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "या गाडीवानाची पाठ आमच्याकडे आहे. आमच्यासमोरून माणसं मागे मागे सरकत जातात, पाठ दाखवत नाहीत. तशी गाडी करा, नाहीतर हत्यारं खाली ठेवा."

"करते की, सरकार. गाडीवानाला उलटा बसवते. पण बैलांचीही पाठ आपल्याकडेच आहे, वर शेपट्या."

"त्यांनाही फिरवून जुंपा."

"जुंपते. मग बैल तोंड वर करून गाडी ढकलत पुढे येतील, आणि सरकार त्यांच्याकडे बघत मागे मागे सरकत जातील. लोकांनी मुजरा कुणाला करायचा, तेवढं सांगून ठेवा."

जहागीरदारांनी बैलांकडे पाहिलं.

"गावचं काम तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. मग गाडीवानाच्या पाठीकडे बघून हळूच म्हणाले, "हाक."