दोन गुणांचं भाकीत

"यंदा कुठला संघ जिंकणार ते नीट सांगा, नाहीतर पंचांग इथं ठेवा आणि चालू लागा!" जांभूळगडचे उदयभानराजे शास्त्रीबुवांवर कडाडले.

भानगड बास्केटबॉलची होती. राजे परदेशात हा खेळ पाहून आले आणि आल्या आल्या त्यांनी चार संघ पगारावर ठेवले. बाकीचे राजे हत्ती पोसत, आमचे राजे उंच माणसं पोसत. दसऱ्याला हंगाम सुरू व्हायचा आणि त्याआधी राजांना भाकीत हवं असायचं.

वीरेश्वरशास्त्र्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "महाराज, ग्रहमान पाहता जो संघ अधिक गुण मिळवील, तोच विजयी होईल."

"दरसाल हेच! असली बिनबुडाची भाकितं आता पुरे. यंदाच्या हंगामात माझ्या मैदानावर बिनबुडाचं काहीही चालणार नाही."

"कायबी, सरकार?" मागून एक आवाज आला.

बोलणारी होती गोजरा, बुरूडआळीतली. आळीत सुपं-टोपल्या विणल्या जात आणि मैदानावरच्या खांबांना लागणाऱ्या दोन टोपल्या दरसाल गोजराच्या हातच्या असत. आज मात्र ती गाऱ्हाणं घेऊन आली होती. प्रेक्षकांच्या बैठका वाढवायला नदीकाठचं वेळूचं बेट तोडायचा हुकूम राजांनी काढला होता आणि सगळ्या आळीच्या चुली त्याच बेटावर पेटत होत्या.

"काहीही म्हणजे काहीही," राजे हट्टाने म्हणाले. "कारभारी, लिहून घ्या आणि शिक्का मारा." मग त्यांनी गोजराकडे पाहिलं. "तुझं काय?"

"बेट तोडू नगा सरकार. वेळू गेल्यावर आमच्या आळीनं इनायचं काय, वारा?"

"जीभ बरीच चालते की! मग भाकीतही करून दाखव. दसऱ्याच्या पहिल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून गुण किती होतील? आकडा बरोबर आला तर बेट राहील. चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाडी."

आपल्या मागची साडेसाती परस्पर तिच्या मागे लागलेली पाहून शास्त्रीबुवांनी हळूच पंचांग मिटलं.

"गेल्या साली किती झालं हुतं?" गोजराने विचारलं.

"साठ."

"मग यंदा दोन."

"बासष्ट म्हणायचंय का तुला?"

"न्हाई सरकार. एक, दोन. त्यातलं दोन."

दरबार खदखदून हसला. एकदा चेंडू टोपलीत पडला की दोन गुण. म्हणजे सबंध सामन्यात चेंडू एकदाच पडणार! राजांनी हसत हसत तोही आकडा लिहून घ्यायला लावला.

घरी सासूने डोक्याला हात लावला. "अगं, साठाच्या आसपासचं तरी कायतरी बोलायचंस! दोन कसलं बोललीस?"

"आत्याबाई, ती कोयती द्या जरा," गोजरा म्हणाली आणि वेळू चिरायला बसली. हात भराभर चालत होते. चुकलं तर आळीला तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी तिने स्वतः टोपल्या खांबांना बांधल्या. सणाचा दिवस, म्हणून भोवती झेंडूच्या माळा गुंडाळल्या, अगदी खालपर्यंत. राजांना ती सजावट फार आवडली. संस्थानात चेंडू एकच होता. राजांनी त्याला कुंकू लावलं, वर फेकला आणि सामना सुरू झाला.

पाचव्या मिनिटाला गरुड संघाच्या एका लांबोड्या गड्याने उडी मारली आणि चेंडू टोपलीत टाकला. टाळ्या पडल्या. सगळे खाली बघायला लागले. मग सगळे वर बघायला लागले. चेंडू काही खाली येईना.

"शिडी आणा!" राजे ओरडले.

पंच घुटमळला. "महाराज, नियम सातवा. सामना संपेपर्यंत टोपलीला कोणी स्पर्श करायचा नाही. गेल्या साली कोणीतरी टोपली हलवली, तेव्हा हा नियम आपणच केलात."

आपलाच नियम कसा मोडणार? राजे मिशी चावत बसले. खेळाडू थोडा वेळ टोपलीखाली हात वर करून उभे राहिले, मग खाली बसले आणि शेवटी शेंगा खाऊ लागले. वेळ संपली, शिट्टी वाजली. गरुड दोन, समोरचे शून्य.

गोजराला पुढे बोलावलं. झेंडूच्या माळा सोडल्या, तर आत छान घट्ट विणीचं बूड!

"टोपलीला बूड घातलंस?"

"घातलं सरकार."

"या खेळाच्या टोपलीला बूड नसतं, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तुला ठाऊक नव्हतं?"

"ठावं हाय की. पन यंदा मैदानावर बिनबुडाचं कायबी चालनार न्हाई, असा सरकारांचाच हुकूम हाय. कारभाऱ्यांनी लिवून घेतलाय, वर शिक्का बी हाय. सरकारांचा हुकूम मी कसा मोडू?"

राजांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं, कारभाऱ्यांनी कागदाकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग राजांच्या पोटातून जे हसू उसळलं, त्यात त्यांचा फेटा सुटून मांडीवर आला.

"शास्त्रीबुवा," ते डोळे पुसत म्हणाले, "बुडाचं भाकीत कसं असतं ते पाहिलंत ना?"

त्याच दिवशी वेळूचं बेट ताम्रपटावर कायमचं बुरूडआळीच्या नावे झालं. गोजराला वर जरीचं लुगडं मिळालं, सासूलाही मिळालं. ती निघाली तेव्हा राजांना राहवेना.

"गोजरा, आता एवढं सांगून जा. हा हंगाम कोण जिंकणार?"

गोजराने लुगडं काखेत मारलं. "आधी सरकारांनी सांगावं, बुडं ठिवायची का काढायची? मग म्या सांगते."

राजांनी नुकताच बांधलेला फेटा पुन्हा सुटला.