कुणीच उठलं नाही

“पण बाई, हा सिनेमा बघाच, असं तुम्ही लिहिलंतच कसं?”

मनोरमाबाई आठल्ये मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा होता पुष्कर नाडगौडा. घरी बसून बघायचे सिनेमे, मालिका, गाण्यांचे नवे अल्बम, सगळ्यांवर तो मोबाइलसमोर बसून बोलायचा. जीभ धारदार. सांगली-कोल्हापूरकडची पोरं त्याचं ऐकल्याशिवाय काही लावत नसत.

बाईंचं सदर सांगलीच्या एका साप्ताहिकात येई. ‘घरी काय बघाल?’ एवढंच त्याचं नाव. बाईंनी चांगला म्हटलेला सिनेमा रविवारी घराघरांत लागायचा. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. आता डोळ्यांना लिहिणं झेपेना, म्हणून त्यांनी सदर सोडायचं ठरवलं. संपादकांच्या डोक्यात पुष्करचं नाव होतं. पण त्यांनी त्याला बजावलं होतं, “बाई हो म्हणाल्या, तरच.”

होकार घ्यायला आलेला पुष्कर आल्या आल्या भांडायलाच लागला होता.

“मी त्या सिनेमाच्या ढीगभर चुका दाखवल्यात,” तो म्हणाला.

“ऐकल्या मी. सगळ्या बरोबर आहेत.”



“मग...?”

“आज तोच लावणार आहे. मगदूम मंडळी यायचीत. बसतोस?”

“मी पाहिलाय.”

“कसा?”

“खोलीत. हेडफोन लावून. दीडपट वेगानं.” मग जरा थांबून म्हणाला, “एवढं सगळं येतं दर आठवड्याला, बाई. दुसरं करणार काय?”

मटाराचं ताट बाईंनी त्याच्यापुढे सरकवलं.

तो सोलू लागला.

चारच्या सुमारास खालच्या मजल्यावरचे बाबूराव मगदूम आले. बरोबर त्यांची बायको आक्काताई आणि सून रेणू. रेणूच्या खांद्यावर तान्ही मुलगी. आक्काताईंनी पलंग धरला, बाबूरावांनी आरामखुर्ची. पुष्करला स्वयंपाकघराच्या दाराजवळचं स्टूल मिळालं.

सिनेमा सुरू झाला.

लग्नातल्या बँडवाल्यांचे गणवेश शिवणारी एक बाई. लहानपणीच घर सोडून गेलेला तिचा धाकटा भाऊ. आता तो क्लॅरिनेट वाजवत गावोगाव फिरतो, आणि एक दिवस त्याच गावच्या बँडमध्ये येतो. एवढीच गोष्ट.

पण बघणार कसं? बाबूरावांना फोन आला. ते बोअरच्या मोटारीबद्दल मोठमोठ्यानं बोलले. आक्काताईंनी विचारलं, “ह्यो कोण? मघाचाच का?” मुलगी रडली, रेणू तिला घेऊन गॅलरीत गेली, परत आली, पुन्हा गेली.

पुष्करनं हळूच विचारलं, “थांबवू का जरा?”

“नको,” बाई म्हणाल्या. “घरात असाच बघतात.”

त्याला मनातून हसू आलं. ह्या गोंगाटात बसून ह्या बाई सिनेमाची परीक्षा करतात!

थोड्या वेळानं बाई उठल्या. चहासाठी दूध गॅसवर ठेवून परत येऊन बसल्या.

पडद्यावर भाऊ बहिणीच्या दुकानात शिरला. गणवेशाचं माप द्यायला. आपण कोण ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही मान वर करून पाहिलं नाही. गळ्यातली टेप काढली. छाती मापली. बाही मापली. मग टेप त्याच्या खांद्यावर टेकवली.

एक खांदा खाली होता.

लहानपणी तिनंच त्याला झाडावरून खाली ओढलं होतं. तेव्हा मोडलेला खांदा.

टेप तिथंच थांबली.

ती त्याच्या पाठीमागे उभी. तो समोर बघतोय. कुणी बोलत नाही. संगीत नाही. नुसता बाहेर कुणाच्या तरी सायकलचा आवाज...

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

सगळ्यांना आला. आक्काताईंनी नाकाला पदर लावला, पण नजर हलली नाही. बाबूरावांचा फोन पुन्हा वाजू लागला. त्यांनी तो न बघताच मांडीखाली कोंबला. रेणू गॅलरीच्या दारात मुलीला थोपटत उभी होती, ती तशीच राहिली.

मग पडद्यावरच्या बहिणीनं टेप गुंडाळली आणि ती म्हणाली, “शिवून ठेवते. उद्या जेवायलाच ये.”

रेणूनं डोळे पुसले. बाबूराव उगाच खाकरले.

“अगं बाई, दूध!” आक्काताई ओरडल्या.

पातेलं काळं झालं होतं.

“कुणी उठायचं तरी!” बाई म्हणाल्या.

“तुम्हीच उठायचं हुतं की! तुम्ही तर बघितलाय आधी!”

सगळे हसले. उरलेला सिनेमा पाहून, बिनदुधाचा चहा पिऊन मगदूम मंडळी खाली गेली.

बाई पातेलं घासायला बसल्या. पुष्कर दारात उभा.

“तुला वास आला होता?”

“आला.”

“स्वयंपाकघराशी सगळ्यांत जवळ तू होतास.”

“हो.”

“मग उठला का नाहीस?”

ह्याच प्रसंगाला पुष्कर मोबाइलसमोर ‘उगाच लांबवलेला’ म्हणाला होता. लोकांनी ते डोक्यावर घेतलं होतं.

“बाई... टेप थांबली होती,” तो चाचरत म्हणाला. “मी उठलो असतो, तर...”

“तर?”

“तर तिला कळलं असतं. खोलीत कुणीतरी आहे ते.”

बाईंचा हात थांबला. मग त्यांनी हात पुसले आणि संपादकांना फोन लावला.

“पुढच्या आठवड्यापासून सदर या मुलाकडून घ्या,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

पुष्कर वाकून त्यांच्या पाया पडला. निघाला. एका पायात चप्पल घातली आणि थांबला.

“एक विचारू? त्या चुका तुम्हाला तेव्हा दिसल्या नव्हत्या? भावाचा तो केसांचा टोप, ते चकचकीत हॉस्पिटल...”

“टोप तर आहेच. शिवाय ती आधी डाव्या हातानं कापते, नंतर उजव्या. क्लॅरिनेटवर त्याची बोटं एकीकडे, सूर दुसरीकडे. दुकानासमोरून तीच एसटी सारखी जाते. हे तर तू सांगितलंच नाहीस.”



“इतकं दिसलं... आणि तरी ‘बघाच’ लिहिलंत?”

“ते सगळं दुसऱ्यांदा बघताना दिसलं,” बाई म्हणाल्या. “पहिल्यांदा सवडच मिळाली नाही.”