बिरूला जमलं ते

पाणवठ्यावरच्या भांडणात बिरू मेंढक्याने म्हाळूच्या डोक्यात कुऱ्हाड घातली आणि गुन्हा कबूलही केला. फाशीच्या दिवशी संस्थानचे राजे रणधीरराव स्वतः मैदानात आले. आपला न्याय त्यांना साऱ्या रयतेला दाखवायचा होता. त्यांनी म्हाळूच्या आईला, गोजराबाईला पुढे बोलावलं.

"बाई, आज आमची सत्ता बघ. मागशील ते देऊ."

"माझा म्हाळू द्या, सरकार."

राजे चिडले. "मेलेला माणूस कुणाला परत आणता येतो का? याचा जीव मात्र आम्ही घेऊ."

"जीव घेणं तर बिरूलाही जमलं," म्हातारी म्हणाली. "त्याला जमलं नाही असं काही सरकारांना जमतं का?"

  राजांनी विचारलं, "म्हणजे तू याला माफ केलंस?"

"जन्मात करणार नाही. पण मेला की हा सुटला. म्हाळूची मेंढरं यानं राखावीत, आणि रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन मला तोंड दाखवावं."

राजांनी त्याच्या गळ्यातला फास काढायला लावला. बिरू गोजराबाईच्या पायांवर कोसळला. "मावशी, त्यापेक्षा फाशी होऊ दे!"

तिने पाय मागे घेतले. "ऊठ. मेंढरं सकाळपासून उपाशी आहेत."