आफरीनची चौकशी

एकदा एका शिष्येने आपल्याच गुरूवर पाळत ठेवली. गुरूने शिष्याची परीक्षा पाहिल्याच्या कथा आपल्याकडे पोत्याने सापडतात; ही गोष्ट उलटी आहे, आणि तिच्यातली शिष्या भोळीभाबडी मुळीच नव्हती. तिचे नाव तहसीन.

तहसीन दक्षिण महाराष्ट्रातल्या एका कसब्यात वाढली. लहानपणी तिने गावच्या वाचनालयातले मुलांच्या पुस्तकांचे कपाट अधाशासारखे वाचून संपवले. त्या पुस्तकांतली मुले भांडत, पळून जात, चोर पकडीत. पण तिच्या घरासारखे घर त्यांत कुठेच नव्हते. मुसलमान माणूस यायचा तो ईदच्या दिवशी. प्रेमळ चाचा शिरखुर्म्याची वाटी पुढे करायचा, एकात्मतेवर दोन वाक्ये बोलायचा आणि पान उलटताच जो गडप व्हायचा तो कायमचा. मोठी झाल्यावर तहसीनने ठरवले की हे काम आता आपणच करायचे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी कादंबरी, तीही मराठीत, आणि नायिका आपल्या गल्लीतली. त्या नायिकेचे नाव तिने ठेवले आफरीन.

कादंबरी पूर्ण झाली. पुण्यातल्या एका प्रकाशकांना ती आवडली आणि बालदिनाच्या प्रदर्शनात पुस्तक मांडायचे ठरले. मोमीन गुरुजींनी एकदा नजर टाकून प्रस्तावना द्यावी, एवढीच त्यांची अट होती. मोमीन गुरुजी म्हणजे मुलांसाठी लिहिता लिहिता केस पिकलेला माणूस. तहसीनला शाळेत मराठी त्यांनीच शिकवले आणि तिची पहिली गोष्टही त्यांनीच दुरुस्त करून दिली. त्यामुळे कादंबरीचे बाड त्यांच्या हाती देताना तिच्या मनात कसलीच धास्ती नव्हती.

आठवडे उलटले, तरी गुरुजी काही बोलेनात. फोन केला की तब्येतीचे बोलत, पावसाचे बोलत, आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्यांचे तर भरभरून बोलत. एकदा मात्र त्यांनी मध्येच विचारले, "तहसीन, ही तुझी आफरीन कुठल्या गल्लीत राहते म्हणालीस?"

"आमच्याच, गुरुजी. तालमीमागच्या. फुफू अजून तिथंच राहतात."

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

इथे तहसीनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गुरुजींच्या साऱ्या कथांमध्ये कावळे होते, माकडे होती, फार तर एखादा राजा. मुसलमान घरात जन्मूनही त्यांनी आजवर एका गोष्टीत मुसलमान मूल आणले नव्हते. मग जे आपल्या हातून झाले नाही ते कालच्या पोरीने करून दाखवले, हे त्यांना खुपत तर नसेल? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे म्हणतातच. असला विचार मनात आला याची तिला लाज वाटली, पण संशय कधी लाजेला जुमानतो का? एकदा उंबरा ओलांडला की तो घरभर पुरावे शोधत फिरतो.

आणि शोधणाऱ्याला पुरावे मिळतातच. चारच दिवसांत जुन्या गल्लीतून फुफूचा, म्हणजे तिच्या आत्याचा, फोन आला.

"क्या गे, चुपचाप शादी ठैरायली क्या? हमना खबरच नै!"

"कुणाची शादी, फुफू?"

"तेरी! तेरे गुरुजी आये थे ना. लै चौकशी करे."

गुरुजी फुफूच्या ओसरीवर बसून चहा प्याले होते. तहसीन लहानपणी कशी होती, स्वभावाने कशी, कुणाशी भांडायची, असे सगळे खोदून खोदून विचारत होते. आता आपल्याकडे एखादा वयस्क माणूस मुलीच्या गल्लीत जाऊन तिच्याविषयी विचारू लागला, तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. फुफूंना तर तो चहा ओतण्यापूर्वीच कळला होता.

"मैं बोली, लडकी लाखों में एक. पाँच वखत की नमाजी. कभी ऊँची आवाज में बात नै करी. तू फिकर नको कर. शेजारनीला पन सांगून ठेवलंय काय बोलायचं ते."

तहसीनने कपाळावर हात मारला. गुरुजींना ना मुलगा, ना पुतण्या, ना लग्न जुळवायचा छंद. मग ही चौकशी कशासाठी? पुस्तक आपणच लिहिले की कुणाकडून लिहून घेतले, हे तर ते तपासत नसतील? की आपल्याविषयी काही वावगे शोधून प्रकाशकाच्या कानावर घालणार? पाणी कुठेतरी मुरत होते, हे नक्की. तिने गल्लीतल्या रेहाना नावाच्या बालमैत्रिणीला गाठले आणि गुरुजींवर लक्ष ठेवायला सांगितले. ज्यांनी अक्षर घोटून घेतले, त्यांच्यावर पहारा बसवताना तिला अपराधी वाटले. पण पहारा तिने बसवला.

रेहानाने काम चोख केले. तिचा निरोप आला, "आज परत आलेले. बांगडीवालीच्या दुकानात बसलेले, भोवती सगळ्या बायका. गुरुजी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते गं. मी जवळ गेले तर सगळ्या गप्प झाल्या."

तहसीनची झोप उडाली. हसत होते? कशाला? आणि गप्प का झाल्या?

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांचा फोन आला. "ताई, गुरुजींनी जरा थांबायला सांगितलंय. प्रस्तावना एवढ्यात देत नाही म्हणाले. पण बालदिनाला पुस्तक हवं तर या आठवड्यात छपाईला जायला हवं, बघा."

आता शंकेला जागाच उरली नाही. रविवारी दुपारी ती गुरुजींच्या दारात उभी राहिली. गुरुजींच्या पत्नीने, चाचींनी, पाणी आणून दिले, ते तिने न पिताच खाली ठेवले. गुरुजी आरामखुर्चीत बसले होते आणि कादंबरीचे बाड त्यांच्या मांडीवरच होते.

"गुरुजी, स्थळ कुणाचं आहे?" तिने उभ्याउभ्याच विचारले.

"आं?"

"माझ्या गल्लीत जाऊन चौकशी केलीत ना? मग मुलगा कोण, तेही सांगा. आणि नसेल, तर माझं पुस्तक का अडवलंत ते सांगा."

"बस आधी."

"नाही बसत. स्पष्टच बोलते. मला वाटलं, तुम्हाला माझा हेवा वाटतोय."

आतल्या खोलीत चाचींच्या हातातले भांडे थांबले. गुरुजी मात्र रागावले नाहीत. "वाटला ना," ते म्हणाले. "थोडा वाटला. खोटं कशाला बोलू? पण नुसत्या हेव्यापायी तालमीची चढण चढायला माझे गुडघे तयार नसतात, बेटा. मी आफरीनची चौकशी करायला गेलो होतो."

"आफरीनची? ती तर पुस्तकात आहे."

"तेच तर. तुझी आफरीन पहाटे हाक मारायच्या आधी उठते. कधी खोटं बोलत नाही. भावाशी भांडत नाही. वर्गातल्या मुलांनी टोमणा मारला तर देशप्रेमावर उत्तर देते आणि मुलं खजील होतात. इतकी चांगली मुलगी सांगून आली की शहाणा माणूस काय करतो? हुरळून जात नाही, चौकशी करतो. म्हणून गेलो."

तहसीन बसली.

"तुझ्या फुफूंनी मला वरपक्षाचा समजून आफरीनच सांगितली," गुरुजी पुढे म्हणाले. "अगदी शब्दाला शब्द. नमाजी, शांत, कधी आवाज चढवत नाही. शेजारणीनंही तेच सांगितलं, जरा जास्तच पाठ केल्यासारखं. दुसऱ्या खेपेला मी उठता उठता म्हटलं, फुफू, मी स्थळ घेऊन आलो नाही, मी तिचा मास्तर आहे, तिची गोष्ट वाचतोय. बाई एकदम पाय पसरून बसल्या. म्हणाल्या, मग असं सांगा की आधी! आणि मग त्यांनी मला त्या रमजानचं सांगितलं."

तहसीनचा चेहरा उतरला. कुठला रमजान, हे तिला विचारायची गरज नव्हती.

त्या वर्षी लोडशेडिंग ऐन सूर्यास्ताला असायचे. मशिदीचा भोंगा मुका व्हायचा आणि अजान गल्लीपर्यंत पोचायची नाही. म्हणून रोज एखाद्या मुलाला गच्चीवर उभे करीत. त्याने लांबची अजान ऐकायची आणि ओरडून सांगायचे, मग गल्लीने रोजा सोडायचा. त्या दिवशी ही कामगिरी तहसीनवर आली. रोजा तिचाही होता. खालच्या घरात कांदाभजी तळत होते आणि वास थेट गच्चीवर येत होता. तिने पश्चिमेकडे पाहिले, पोटाकडे पाहिले, आणि ठणठणीत आवाजात ओरडली, "हो गयी अजान!" साऱ्या गल्लीने खजूर तोंडात टाकला. म्हातारी माणसे पाणी प्याली. आणि मग, सगळ्यांचे घास घशाखाली उतरल्यावर, दुरून खरी अजान ऐकू आली.

"सगळ्या गल्लीचा रोजा बुडाला," गुरुजी आता पुन्हा हसू लागले होते. "ईदनंतर सगळ्यांनी मिळून त्याच्या बदल्यात एक रोजा ठेवला. आणि त्या संध्याकाळी घरोघरी खजुराची ताटली घेऊन तुला पाठवलं. तू प्रत्येक दारात रडलीस म्हणे, आणि प्रत्येक म्हातारीनं तुला आधी एक धपाटा घातला, मग पहिला खजूर तुझ्याच तोंडात घातला. तुझी मैत्रीण दिसताच, तुझ्या कानावर जाईल म्हणून साऱ्या गप्प झाल्या, पण त्याआधी बांगडीवाली सांगत होती, मला तर दोन धपाटे घालायचे होते, पण पोरगी लै हुंदके देत होती. तहसीन, ही मुलगी कुठं आहे तुझ्या पुस्तकात? मी शोधून शोधून थकलो."

तहसीनला लाज वाटली, रागही आला, आणि त्या रागातच ती बोलली.

"तुम्हाला सोपं वाटतं, गुरुजी. दुसऱ्या कुणाची नायिका खोटं बोलली तर ती खोडकर ठरते. माझी खोटं बोलली तर लोक म्हणतील, बघा, ही माणसं रोज्यातही खोटं बोलतात. एका पोरीची भूक साऱ्या कौमच्या माथी मारतील. वर्गात एका मुलाची पट्टी हरवली की बाई आधी माझं दप्तर उघडायच्या. तुम्हाला ठाऊक आहे ते. तेव्हापासून मी दप्तर नीट लावून ठेवते. पुस्तकही तसंच लिहिलं."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. गुरुजींनी हसणे थांबवले आणि तिने खाली ठेवलेले पाणी तिच्यापुढे केले.

"तुझं भय खोटं नाही," मग ते हळू आवाजात म्हणाले. "तसं म्हणणारे म्हणतील. पण ते आफरीनला पाहूनही म्हणतील, इतकी चांगली? नक्की काहीतरी लपवतेय. संशय घेणाऱ्याचं समाधान चांगुलपणानं होत नाही. मी तर तुझा मास्तर, माझंही झालं नाही. गल्लीनं मला वरपक्ष समजून एक मुलगी सांगितली आणि आपला समजून दुसरी. पहिलीविषयी ऐकून मी मान डोलावली. दुसरीविषयी ऐकून मला वाटलं, ही माझ्या घरची पोर असती तर! आता तू सांग, वाचकाला कोण समजून लिहिलंस?"

 वाचनालयातल्या त्या कपाटापुढे बसलेली एक मुलगी तहसीनला दिसली. तिच्यासाठीच तर हे सारे लिहायला घेतले होते. आणि लिहिताना मात्र डोळ्यांपुढे सतत दप्तर उघडणाऱ्या बाई उभ्या होत्या. चौदा वर्षांच्या मुलीला आपण मैत्रीण द्यायला निघालो होतो आणि दिले चारित्र्याचे प्रमाणपत्र, हे तिला तेव्हा समजले. गुरुजींवर घेतलेल्या संशयापेक्षा हे जास्त लागले.

तिने तिथूनच प्रकाशकांना फोन लावला.

"साहेब, या आठवड्यात नाही देत. पुन्हा लिहिते."

"अहो, त्यात वाईट काय आहे? कोणी बोट ठेवणार नाही, इतकं स्वच्छ आहे."

"बोट ठेवायला जागा नाही खरी. पण कुणी हात धरावा म्हटलं, तर त्यालाही जागा नाही."

"पुढच्या वर्षाचं मी आत्ता काही कबूल करू शकत नाही, ताई. बघा हं."

 इतक्या दिवसांचे स्वप्न तोंडाशी आलेले होते. "बघितलं," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

आतून चाचींनी विचारले, "मग? काय ठरलं एकदाचं?"

"मुलगी पसंत आहे," गुरुजींनी बाड तहसीनच्या हाती देत सांगितले. "फक्त बायोडाटा परत केला."

तहसीन रडता रडता हसली आणि बाड छातीशी धरून पायऱ्या उतरली.

संशयी डोळ्यांचे समाधान करायला लिहिलेले पुस्तक त्या डोळ्यांपाशीच अडकून पडते. आणि जिच्यासाठी म्हणून ते लिहायला घेतले, ती मुलगी वाचनालयातून रिकाम्या हातांनी घरी जाते.