तार्लिंगचा थांबा

हिमालयाच्या पाठीमागे, जिथे झाडं औषधालाही सापडत नाहीत, तिथे चांगमा-त्सो नावाचं तळं आहे आणि त्याच्या काठी तार्लिंग नावाचं गाव. या गावात पहिल्यांदा गेलेला पाहुणा हमखास दुखावतो. दारात पाऊल टाकायच्या आत यजमान हात वर करून ओरडतो, "थांब!" मग तो स्वतः उंबऱ्याबाहेर येतो, पाहुण्याचा हात हातात घेतो आणि तेव्हा कुठे म्हणतो, "ये." आपल्याकडे व्याह्यांना कोणी असं दारात थोपवलं तर ठरलेली सोयरीक मोडेल. तिथे मात्र याच्याहून मोठा मान नाही.

तळ्यात, काठापासून थोडं आत, चक्क पाण्यात एक वाळुंजाचं झाड उभं आहे. तिथल्या बोलीत वाळुंजाला चांगमा म्हणतात आणि तळ्याला त्सो, त्यावरूनच तळ्याचं नाव पडलं. पाहुण्यांना हिंडवणारा म्हातारा अंगरूप या झाडाकडे पाठ करून बसतो आणि मगच गोष्ट सांगतो. झाडाकडे बघत ती सांगवत नाही, म्हणतो.

फार पूर्वी, असं सांगतात, हे तळं हिवाळ्यात असं गोठायचं की त्यावरून लादलेले याक जायचे. काठाकाठाने यायचं तर कडे ओलांडण्यात सबंध दिवस मोडायचा, म्हणून सगळी ये-जा बर्फावरूनच. वाट कळावी म्हणून बर्फात वाळुंजाच्या फांद्या रोवत. त्या रोवायचं आणि उपटायचं काम यांगचेन नावाच्या बाईच्या घराण्याकडे होतं. फांदी उभी असेल तर बर्फ पक्का, फांदी नसेल तर पाऊल टाकायचं नाही. एवढा एकच कायदा, आणि तो रांगत्या पोरालाही ठाऊक होता.

पण त्याला आणखी एक रीत चिकटलेली होती. फांद्या निघाल्या म्हणजे हिवाळा संपला. तोवर ज्याची खबर आली नाही तो गेला असं धरायचं आणि त्याच्या नावाने दिवे लावायचे.

त्या वर्षी यांगचेनचा नवरा फुंचोक मीठ आणायला खिंडीपलीकडे गेला होता. सोबतचे परतले, तो नाही. वादळात मागे राहिला, एवढंच ते सांगू शकले. यांगचेनने हाय खाल्ली नाही. ती रोज त्याच्या वाटणीचे सातू दळायची.

वसंत आला. रात्री कडाकडा बोलणारा बर्फ मुका झाला, त्याचा रंग काळवंडला. गावातला जाणता, मेमे इशे, तिच्या दाराशी आला. मेमे म्हणजे आजोबा. सगळं गाव त्याला तसंच म्हणे.

"पोरी, फांद्या काढ."

"उद्या काढते, मेमे."

"बर्फ तुझ्या उद्यासाठी थांबायचा नाही."

"फांद्या काढल्या की तुम्ही त्याचे दिवे लावाल. मला एक दिवस द्या. एवढा हिवाळा मी काही मागितलं नाही."

म्हातारा विरघळला. त्याने 'नाही' म्हणायला हवं होतं. पण वाट बघणाऱ्या बाईला नाही म्हणायचं तर काळीज दगडाचं लागतं, आणि तळ्यावर जाणारं दुसरं होतं तरी कोण? फांद्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर, पलीकडच्या काठावर माणसं दिसली. तिथे एक उंच खडक आहे. खिंड उघडली की जो पहिला येईल त्याने त्या खडकावर चढून बाहेरच्या जगाची बातमी ओरडून सांगायची, आणि अख्ख्या गावाने अलीकडे गोळा होऊन ऐकायची, असा तेव्हा परिपाठ होता. शिंग वाजलं. हातातली कामं टाकून गाव काठावर धावलं.

"फुंचोक जिवंत आहे!" खडकावरचा माणूस ओरडला. "पाय मोडला होता! खालच्या गावात होता! हा बघा, आलाय!"

काठावर जो कल्लोळ उठला तो विचारू नका. कोणी रडतंय, कोणी टोप्या उडवतंय. तिकडे फुंचोक खडकाखाली उतरला. समोर त्याच्याच घराण्याने रोवलेल्या फांद्या ओळीने उभ्या होत्या. त्याने शंका घ्यावी तरी कशाला? आणि यांगचेनने, जिला त्या फांद्यांचं खरं सगळ्यांत जास्त माहीत होतं, डोक्यावरची शाल काढून हवेत फिरवली आणि जीव खाऊन हाक मारली, "ये!"

तो आला. लंगडत, हसत, पाठीवर मिठाची गोणी घेऊन आला. मधला बर्फ जाड होता, त्याने त्याला तोलून धरलं. अलीकडच्या काठापाशी ओढा तळ्याला मिळतो, तिथे बर्फ आतून खाल्लेला होता. लोकांना त्याचे दात दिसत होते, इतका तो जवळ आला. आणि मग तो नव्हता.

कोणी किंचाळलंसुद्धा नाही, म्हणे. कित्येकांच्या तोंडावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं, ते पुसायचं कोणाला सुचलं नाही. वर उडवलेली एक टोपी खाली बर्फावर येऊन पडली. पुरुषांनी दोर टाकले, लांब काठ्या घातल्या, पण ओढ्याच्या धारेने त्याला बर्फाखाली कुठच्या कुठे नेलं होतं. यांगचेनचा शालीचा हात वरच होता. मेमे इशेने तो धरून खाली आणला.

गावाने तिला बोल लावला नाही. लावायचा तर 'ये' सगळ्यांच्याच मनात होतं. काही दिवसांनी तळं मोकळं झालं, फांद्या वाहून काठाला लागल्या. फक्त एक, तो बुडाला तिथली, पाण्यात ताठ उभी राहिली. उन्हाळ्यात तिला पालवी फुटली. वाळुंज कुठेही मुळं धरतं हे खरं. पण वाहत्या धारेत, बर्फात रोवलेली काडी कशी तगली हे कोणाला सांगता येत नाही.

पुढच्या वसंतात पलीकडे पहिला माणूस दिसला तेव्हा यांगचेन सगळ्यांच्या पुढे काठावर उभी होती. वर्षभर तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. शिंग वाजायच्या आत ती ओरडली, "थांब!" डोंगरांनी तो शब्द परत परत म्हटला. पलीकडचा माणूस एक पाय बर्फावर ठेवूनच थिजला. मग पाय मागे घेऊन काठाकाठाने निघाला आणि दिवस मावळताना जिवंत घरी पोचला. यांगचेन त्याची कोणीच नव्हती. तरी तिने त्याचा हात धरला, आणि मगच म्हणाली, "ये."

आजही तार्लिंगमध्ये ज्याचं माणूस बाहेरगावी असेल त्याला फांद्या उपटायला पाठवत नाहीत. आजही बर्फ काळवंडला की ज्या घरची वाट बघणं सगळ्यांत जुनं, त्या घरची बाई काठावर उभी राहते. पलीकडे कोणी दिसलं की तिच्या जिवाची काय उलघाल होत असेल ती होवो, ती एकच शब्द ओरडते. आता तळ्याला वळसा घालून रस्ता आहे, गावात फोन आले आहेत. फोन उचलला की लोक आधी तेच म्हणतात.

गेल्या वसंतात अंगरूपचा मुलगा फार वर्षांनी परतला. घरात बाई नाही, म्हणून म्हातारा स्वतःच काठावर गेला, पलीकडची आकृती त्याने चालीवरून ओळखली, आणि सगळ्या गावाने त्याला ओरडताना ऐकलं, "थांब!" मग तो तिथेच खाली बसला आणि मुलगा वळसा घालून येईपर्यंत स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरून राहिला.