चार बोटांचा ठोकळा

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. आकाश स्वच्छ, सकाळी बोचरी थंडी, दुपारी बरं ऊन. फार वर्षांपूर्वी, अशा दिवशी, एका टेकडीखालच्या गावात एका सुताराकडे त्याचा शेजारी गाडीवान आला. बरोबर त्याची मुलगी होती. तिला नुकतीच दहा वर्षं पूर्ण झाली होती.

गाडीवान म्हणाला, "मिस्त्री, एक ठोकळा करून द्या. गाडीत चाक अडवायची फळी आहे ना पायापाशी, तिच्यावर बसवायचा. पोरीचा पाय चार बोटं कमी पडतो."

"पाय कमी पडतो, म्हणजे ती अजून लहान आहे," सुतार म्हणाला.

"बैलाला वय कुठलं कळतं? त्याला कासरा कळतो. मुलगा असता तर तुम्ही असं म्हणाला असतात का?"

"मुलगा असता तरी हेच म्हणालो असतो."

गाडीवान हसला आणि उद्या येतो म्हणून गेला.

सुताराला काळजी होती ती आपल्या वडिलांची. टेकडीवरून येणारा रस्ता थेट त्यांच्या दारापुढे उतरत असे, आणि म्हातारा रोज सकाळी दारातल्या लाकडी ओंडक्यावर उन्हाला बसे. त्याला बिलकूल ऐकू येत नसे. आतापर्यंत पोर सपाटीवर गाडी हाकायची, पण उतार आला की गाडीवान स्वतः पुढे बसायचा.

सुतार पाटलांकडे गेला. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुणाला लागलं का?"

"अजून नाही."

"मग मी वहीत काय लिहू? लागलं की या."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही उगाच वाकडेपणा घेताय. पावसाळ्यात मामंजींना ताप भरला, तेव्हा वैद्याकडे कुणाच्या गाडीतून नेलं? शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?"

सुतार रात्रभर कूस बदलत राहिला. दुसऱ्या दिवशी गाडीवान आला, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "उताराला तुम्ही शेजारी बसाल ना?"

"बसेन की."

सुताराने बाभळीचा चार बोटं जाडीचा ठोकळा तासला. कोपरे घासून गोल केले, पोरीच्या पायाला टोचू नयेत म्हणून. चार खिळे मारून तो फळीवर बसवला आणि हलवून पाहिला. पक्का होता.

"काका, पोचला पाय," मुलगी म्हणाली. तिला फार आनंद झाला होता.

पहिले पाच दिवस गाडीवान शेजारी बसला. सहाव्या दिवशी तो घरीच राहिला. सुताराने टोकलं, तर म्हणाला, "आता पाय पोचतो की. मी बसून काय करू?"

तेव्हापासून उतारावर घुंगरं वाजली की सुतार रंधा टाकून धावे आणि वडिलांना हाताला धरून आत आणी. म्हातारा रोज विचारी, "आता काय झालं?" सुतार खुणेने सांगे, काही नाही. सव्वा महिना हे असंच चाललं. घुंगरं ऐकू आल्यापासून गाडी दारात येईपर्यंत वडिलांना आत न्यायला पुरेल एवढा वेळ मिळत असे.

पौष वद्य तृतीया. दाट धुकं, वारा नाही. ऊन नव्हतंच, पण म्हातारा उन्हाची वाट बघत ओंडक्यावर बसला होता. घुंगरं वाजली. सुतार उठला. त्या दिवशी वेळ मिळाला नाही. गाडी म्हाताऱ्याच्या अंगावर आली.

पाटील वही घेऊन आले. त्यांनी मुलीला विचारलं,

"पाय पोचला नाही का गं?"

"पोचला होता. मी दोन्ही पायांनी दाबलं. उभी राहून दाबलं. धुक्यानं चाकं ओली होती, थांबलीच नाहीत."

सुताराने वाकून पाहिलं. ठोकळा जागचा हलला नव्हता, एकही खिळा ढिला नव्हता. लांबी पुरली होती. दहा वर्षांच्या पोरीचं वजन पुरलं नव्हतं.

"हा ठोकळा कुणी बसवला?" पाटलांनी विचारलं.

गाडीवान जमिनीकडे बघत म्हणाला, "मिस्त्रींनी."

पाटलांनी सुताराकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हालाही चालत होतं."

पाटलांनी वही मिटली.

म्हातारा षष्ठीला, दुपार कलताना वारला. मुलगी पुन्हा गाडीवर बसली नाही. माघ महिनाभर गाडीवानाने स्वतः गाडी हाकली. फाल्गुन शुद्ध द्वितीयेला गाडी उतारावरून आली, तेव्हा कासरा मुलीच्या धाकट्या भावाच्या हातात होता. ठोकळा फळीवर तसाच होता.

तात्पर्य एवढंच: ज्या कामाला तोंडाने नाही म्हटलं, त्याला हात लावू नये.